गावात पार्किंगची पावती सुरू झाली आणि वाडीवरची गिऱ्हाइकं तुटली

आगरातली · २१ जून, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज पाऊस धो धो लागलाय, दुकानात चिटपाखरू नाही, म्हणून बसले. मोबाइलवर लिहितेय, चूकभूल समजून घ्या.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ग्रामसभेत याच माणसांबरोबर बसायचंय. गावाच्या तोंडाशी पूल. पूल ओलांडला की बाजारपेठ, तीसेक दुकानं. पेठ संपली की देऊळ, देवळामागे शाळा, शाळेमागे मोकळी जागा आणि त्यापुढे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. आमचं किराणा दुकान पेठेच्या मध्यावर. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि हे बघतो.

दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं सशुल्क पार्किंग सुरू केलं. गाड्या शाळेमागे लावायच्या. दुचाकी २०, चारचाकी ५०, मिनीबस १००. वसुलीचा दरवर्षी लिलाव होतो, ज्याची बोली मोठी त्याला ठेका. ठराव झाला तेव्हा मी स्वतः हात वर केला होता. मे महिन्यात आणि नाताळच्या आठवड्यात आमच्या पेठेत काय व्हायचं ते मी पाहिलंय. शटरला टेकून गाड्या लागायच्या, सकाळी दुकान उघडायचं म्हटलं तर आधी गाडीचा मालक शोधत फिरा.

पण पावती शाळेमागे फाडतच नाहीत. ठेकेदाराची मुलं पुलाच्या अलीकडे दोरी धरून बसतात. गाडी कुठं जाणार, लावणार की नाही, काही विचारत नाहीत. पुलावर चाक आलं की पावती. गावकऱ्यांना सूट आहे, पण गावकरी ओळखायचा कसा, तर नंबरप्लेटवरून. एमएच ०८ असेल तर दोरी खाली, नसेल तर पैसे काढा.

मार्चमध्ये मी मालाच्या टेंपोची वाट बघत पुलाशी उभी होते. वरच्या वाडीतल्या एक आजी पुतण्याच्या मागे बसून आल्या. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या वहीत त्यांचं पान आहे. पुतण्यानं मोटारसायकल मुंबईहून जुनी आणलेली, एमएच ०३. मुलानं दोरी ताणली. पुतण्या म्हणाला, अरे, दुकानात जाऊन येतो, दहा मिनिटं. मुलगा म्हणाला, मला सांगितलंय तसं करतो. त्याचीही चूक नाही, संध्याकाळी पावत्यांचा हिशोब त्याला द्यायचा असतो. आजींनी कमरेचा बटवा सोडला, आतले पैसे मोजले, परत बांधला आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, वळव. त्यांना चहापूड आणि जाडे तांदूळ हवे होते. वीस रुपये पावतीला गेले तर चहापूड येत नाही. मी हाक मारेपर्यंत गाडी वळलीसुद्धा.

आजी आता फाट्यावरच्या दुकानात जातात. आणि त्या एकट्याच नाहीत. आमच्या उधारीच्या वहीत वरच्या वाड्यांची चाळीसेक नावं होती. या जूनमध्ये मोजली तर अकरा.

पर्यटक आम्हाला हवेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते पाण्याची बाटली, चिप्स, कोकम सरबत घेतात, तेही नोव्हेंबर ते मे. जुलैत पुण्याहून कोण येणार आहे तांदूळ न्यायला? पेठ बारा महिने चालते ती वाड्यांवर.

पार्किंग फुकट करा असं मी म्हणत नाही. तुमच्या गावात हे कसं चालवतात, ते सांगाल का? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडायचाय.

पुळणकाठ · २१ जून, दुपारी ४:०२

ताई, मी तुमच्याच बाजूच्या गावातला असेन असं वाटतंय, आमचंही देवळाच्या आळीत घर आहे. तुमचा मुद्दा पटतो, पण पावतीला हात लावू नका एवढंच कळकळीनं सांगतो.

पावती नव्हती त्या वर्षी २५ डिसेंबरला वडिलांना दम लागला. १०८ला फोन केला, गाडी वेळेत आली. पण आमच्या आळीच्या तोंडावर कुणीतरी मोठी गाडी लावून समुद्रावर गेलेला. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट. शेवटी वडिलांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून आळीच्या तोंडापर्यंत नेलं. ते वाचले, देवाची कृपा. गाडीचा मालक दोन तासांनी ओले पाय घेऊन आला आणि म्हणाला, इथे कुठं बोर्ड लावलाय?

पावती आल्यापासून आळीत एक गाडी उभी राहत नाही. मला ते ५० रुपये कुणाकडे जातात याच्याशी देणंघेणं नाही. आळी मोकळी पाहिजे.

आगरातली · २१ जून, दुपारी ४:२०

पुळणकाठ, बाजूचं नाही, तेच गाव. त्या खुर्चीचा एक पाय माझ्या मुलानं धरला होता. वडिलांना नमस्कार सांगा.

म्हणूनच म्हणते, पार्किंग हवंच. आळी मोकळी राहिली ती गाड्या शाळेमागे गेल्या म्हणून. पुलावरच्या दोरीमुळे नव्हे.

डेक्कनवरून · २१ जून, रात्री ९:१५

पर्यटकाच्या बाजूनं लिहितो. आम्ही वर्षातून दोनदा तरी दापोलीकडे येतो. ५० रुपयांचं आम्हाला काहीच वाटत नाही, पुण्यात मॉलमध्ये त्याहून जास्त जातात. पण एका गावात पुलावर पावती घेतली, पुढे देवळापाशी दुसऱ्या माणसानं स्वच्छतेची म्हणून घेतली, आणि पुळणीवर तिसरा आला. कुठली खरी, कुठली नाही, कळायला मार्ग नाही. पावतीवर शिक्का पुसट, तारीख नाही, गाडीचा नंबर नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पैसे देऊनही स्वच्छतागृह नव्हतं. बरोबर आई होती, बायको होती. शेवटी एका घरी जाऊन विचारलं. त्या माऊलीनं आत घेतलं, वर चहा दिला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पावती घ्याच, पण त्या पावतीत बाईमाणसाची सोय तरी करा.

आणि धागाकर्तीला एक सांगतो. गाडी थेट पुळणीपाशी जात असेल तर आम्ही पेठेतून काचा वर करून निघून जातो. दुकान दिसतं, पण थांबायची सोय नसते. खाणंपिणं सगळं पार्किंगच्या टपऱ्यांवर होतं.

बांगडा_सुरमई · २१ जून, रात्री ९:४४

माझी आई पेठेत मासळी घेऊन बसते. दुपारी चारला होड्या लागल्या की पाच ते साडेसात तिचा धंदा. गिऱ्हाईक स्कूटरवर येतं, एक पाय जमिनीवर टेकवून विचारतं, बांगडे कसे? भाव पटला तर पिशवी हँडलला अडकवून निघालं. गाडीचं इंजिनसुद्धा बंद होत नाही. याला पार्किंग म्हणायचं? वाट्याला वीस रुपये जास्त पडले तर माणूस फाट्यावरच्या बर्फातल्या मासळीकडे जातो. आईचे वाटे संध्याकाळी उरायला लागलेत. उरलेलं खारवून ठेवते, पण पावसात तेही वाळत नाही.

चाकरमानी_०१ · २२ जून, सकाळी ७:५०

मलाही बोलायचंय. लालबागला जन्म, पण घर गावाला. घरपट्टी, पाणीपट्टी दरवर्षी भरतो, एक वर्ष चुकलेलं नाही. मागच्या गणपतीत अठरा तास गाडी चालवून गावाच्या पुलाशी आलो. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर गणपती, तोंडावरचा रुमाल अजून काढलेला नाही. आणि दोरी. एमएच ०१ म्हणून ५० रुपये. मी घरचं नाव सांगितलं, वाडी सांगितली. पोराला काही माहीत नव्हतं, तो दुसऱ्या तालुक्यातला.

पैसे दिले, पण आई घरी पोचेपर्यंत बोलली नाही. स्वतःच्या गावात पाहुणा ठरवतात तेव्हा माणसाला काय वाटतं, ते लिहून सांगता येत नाही.

पुळणकाठ · २२ जून, सकाळी ८:०५

हे मात्र वाईट झालं, दादा. पण गणपतीत आळीत सगळ्यात जास्त गाड्या चाकरमान्यांच्याच असतात, हेही खरं आहे. घरात जागा नसते, मग गडग्याला लावतात, पाच दिवस हलत नाहीत. पैसे घेऊ नका, पण गाडी शाळेमागे लावायचा नियम सगळ्यांना सारखा हवा.

चाकरमानी_०१ · २२ जून, सकाळी ८:११

त्याला माझी ना नाही. लावायला सांगा, लावतो.

माजी_ग्रामसेवक · २२ जून, सकाळी ११:३०

तीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी कोकणात. थोडं कायद्याचं सांगतो, ग्रामसभेत उपयोगी पडेल.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १२४. ग्रामपंचायतीला कोणते कर आणि कोणती फी घेता येते, त्याची यादी या कलमात आहे. घरपट्टी, यात्रा कर, बाजाराची फी, आणि त्यातच गाडीतळ व टांगातळ यांवरची फी. शब्द जुने आहेत, तेव्हा बैलगाड्या आणि टांगे होते. पण शब्द नीट वाचा: तळावरची फी. गाडी तळावर उभी राहिली की फी. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीला अडवून घेतलं तर तो तळ राहत नाही, तो नाका होतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय पुलावरचा तो रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा, ते आधी तपासा. ग्रामपंचायतीच्या ताब्यातली जागा असेल तिथंच तिचा तळ.

फी बसवताना १९६० चे कर व फी नियम लागतात. ठराव करावा लागतो, लोकांना कळवून हरकती मागवाव्या लागतात, मगच दर लागू होतो. सरपंचांच्या टेबलावर ठरलेला दर दर नसतो. धागाकर्तीनं ठरावाची नक्कल मागावी. त्यात वसुलीची जागा कोणती लिहिली आहे, ते पाहावं. माझा अंदाज, ठरावात शाळेमागची जागाच असेल. पूल ठेकेदारानं स्वतःच्या सोयीनं निवडला असेल.

सदस्य_बोलतोय · २२ जून, दुपारी १२:४०

मी दुसऱ्या एका किनाऱ्यावरच्या गावचा ग्रामपंचायत सदस्य. ठेकेदाराला सगळे शिव्या देतात म्हणून आमची बाजू सांगतो.

आमच्या ग्रामपंचायतीत एक लिपिक आणि एक शिपाई. रविवारी सकाळी सहाला पावतीपुस्तक घेऊन कोण बसणार? ठेकेदार पैसे आगाऊ भरतो, त्यातून घंटागाडीचं डिझेल आणि पुळण साफ करणाऱ्या दोन बायांचा पगार निघतो. सोमवारी सकाळी आमच्या पुळणीवर या आणि बाटल्या, डायपर, नारळाच्या करवंट्या बघा. हा कचरा घरपट्टीच्या पैशांतून कोकणातल्या माणसानं का उचलायचा? ज्यानं केला त्यानं पैसे द्यावेत.

पण ठेक्यात एक खोट आहे, ती मान्य करतो. ठेकेदारानं बोलीचे पैसे आधीच भरलेले असतात. जास्तीत जास्त गाड्यांकडून वसूल केल्याशिवाय त्याचे निघत नाहीत. त्याला दुकानाची, आजींची, मासळीची पर्वा कुठून असणार? बोली वाढली की आम्ही टाळ्या वाजवतो, आणि वाढलेली प्रत्येक बोली दोरी आणखी घट्ट करते.

आगरातली · २२ जून, दुपारी १:०५

सदस्यसाहेब, मनापासून आभार. मला हे असं मांडताच येत नव्हतं. आमच्याकडे गेल्या वर्षीची बोली त्याआधीच्या दीडपट गेली, तेव्हा सगळे खूश होते. दोरी पुलावर आली ती त्याच महिन्यात.

कासेकडचा · २२ जून, दुपारी ४:३०

साताऱ्याजवळच्या कास पठारावरचं सांगतो. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं आणि सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत गाड्यांची रांगच्या रांग लागायला लागली. लोक पठारावरच गाड्या घालायचे, फुलं चाकाखाली. मग कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी वन खात्याबरोबर कारभार हातात घेतला. दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, गाड्या पठारापासून लांब लावायच्या आणि तिथून बसनं यायचं.

आमच्याकडे पावती फाडणारी, पहारा देणारी, माहिती सांगणारी पोरं त्याच गावांतली आहेत. कुणाची म्हातारी कुठून आली, कुणाचा पाहुणा कुणाकडे चाललाय, त्यांना माहीत असतं. सगळं गोडगोड चाललंय असं नाही, भांडणं आमच्यातही होतात. पण भांडण गावातच होतं आणि गावातच मिटतं. चाकरमानी दादांची दोरी कासला ताणली गेली नसती.

मासाहेब_बचतगट · २२ जून, संध्याकाळी ६:१५

मग हे काम बचत गटाला का देऊ नये? आमचा गट शाळेचा पोषण आहार सांभाळतो, रोज हिशोब लिहितो, आजवर एक रुपया इकडचा तिकडे नाही. शनिवार-रविवारी दोघी-दोघी पाळीनं बसू. गटातल्या बायकांना गावातलं प्रत्येक घर माहीत आहे.

सदस्य_बोलतोय · २२ जून, संध्याकाळी ६:४०

ताई, विचार उत्तम आहे. फक्त रात्री दारू पिऊन आलेल्या गाडीशी हुज्जत कोण घालणार, ते आधी ठरवा. आमच्याकडे ठेकेदाराच्या मुलालाही मार पडलाय.

मासाहेब_बचतगट · २२ जून, संध्याकाळी ६:५५

संध्याकाळी सातनंतर पोलीस पाटील आणि दोन माणसं बरोबर. तेवढं गावानं करावं.

शहर_आखणारी · २३ जून, सकाळी १०:२०

मी वाहतूक नियोजनात काम करते. धागा वाचून दोन जुनी उदाहरणं आठवली, लांबची आहेत पण प्रश्न हाच आहे.

जगातलं पहिलं पार्किंग मीटर अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये १६ जुलै १९३५ रोजी बसलं. तासाला ५ सेंट. ते बसलं व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून. पेठेत नोकरी करणारे सकाळी दुकानासमोर गाडी लावायचे ती संध्याकाळी काढायचे, गिऱ्हाइकाला जागा मिळायची नाही. म्हणजे पैसे घेण्यामागचा मूळ हेतू गाडी हलती ठेवण्याचा होता. दहा मिनिटांसाठी येणाऱ्याला जागा मिळावी म्हणून दिवसभर अडवणाऱ्याकडून पैसे. तुमच्याकडे उलटं झालंय. दहा मिनिटांची आजी आणि दिवसभर समुद्रावर बसलेली गाडी, दोघांना पावती एकाच पुलावर. वेळेचा हिशोबच नाही.

दुसरं, कॅलिफोर्नियातलं पासाडेना. तिथल्या जुन्या पेठेत १९९३ मध्ये मीटर आले. दुकानदारांचा विरोध होता, गिऱ्हाईक पळेल म्हणत होते. शहरानं कबूल केलं की मीटरचा पैसा याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर, साफसफाईवर खर्च करू. तेव्हा दुकानदार तयार झाले, आणि ती ओसाड पडत चाललेली पेठ पुन्हा गजबजली. आपला पैसा आपल्या दारात खर्च होताना दिसला की माणूस तक्रार करत नाही.

सहाआसनी · २३ जून, सकाळी १०:४५

अमेरिकेचं इथं काय लागू होणार. आम्ही फाटा ते गाव भाडं मारतो, रोज दोरीशी वाद. गाडी गावातल्याच माणसाची, पण पासिंग ठाण्याचं.

शहर_आखणारी · २३ जून, सकाळी ११:००

दादा, तुमचा वादही तोच आहे. तुम्ही माणसं सोडायला येता, गाडी लावून ठेवत नाही. तुमच्याकडून पैसे घेण्याचं कारणच नाही.

डोंगरापलीकडे · २३ जून, दुपारी २:१५

मी इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या एका लहान गावात राहते, माहेर चिपळूण. आमच्या गावात एकच दुकान, त्यातच पोस्ट. इथं मशिनचं पार्किंग आलं तेव्हा पहिल्या वर्षी काय झालं, तर मशिनचे पैसे वाचवायला फिरायला येणारे लोक आमच्या गल्ल्यांतून गाड्या लावायला लागले. शेजारच्या आजोबांना स्वतःच्या फाटकातून गाडी काढता येईना. मग रहिवाशांना परवाने आले, पण त्या परवान्यांचे पैसे रहिवाशांकडूनच. लोक फार चिडले.

नंतर दुकानासमोरच्या चार जागांवर अर्धा तास मोफत ठेवला. तेवढ्यानं दुकान सावरलं. दूध, ब्रेड, पोस्टाचं पाकीट, अर्ध्या तासात काम होतं. फिरायला येणारा अर्ध्या तासात परत येऊ शकत नाही, म्हणून तो आपोआप मोठ्या तळावर जातो. कुणाला दोरी लावायला लागत नाही, नंबरप्लेट बघायला लागत नाही. दक्षिणेला डेव्हनमध्ये क्लोव्हेली म्हणून गाव आहे, तिथं तर मुख्य रस्त्यावर गाडीच येत नाही. गाव एका खाजगी इस्टेटीचं आहे, गाड्या वर डोंगरावर थांबतात, पाहुणे पैसे भरून पायी उतरतात आणि गावकऱ्यांचं सामान घसरगाडीवरून खाली ओढत नेतात. बघायला सुंदर, पण म्हाताऱ्या माणसाला रोजचं जगणं तिथं कठीण असणार, असं मला तो चढ चढताना वाटलं.

माथेरानप्रेमी · २३ जून, दुपारी ३:००

माथेरानलाही गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे चालत, घोड्यावर, नाहीतर अमन लॉजहून मिनी ट्रेन. सगळे पर्यटक पायी बाजारातून जातात म्हणून चिक्की, चपलांची दुकानं चालतात. डेक्कनवरून यांनी वर लिहिलंय ते खरं आहे, काचा वर केलेल्या गाडीला दुकान दिसत नाही. आगरातली ताई, तुमच्याकडे पुलाच्या अलीकडे मोकळी जागा आहे का?

आगरातली · २३ जून, संध्याकाळी ७:३०

आहे. पुलाच्या अलीकडे जुनं खळं आहे, पण खाजगी, पाच भावांच्या नावावर, चौघे मुंबईला. ते जमणं कठीण.

इतकं सगळं वाचून डोकं भरून आलं. अर्ध्या तासाची गोष्ट फार पटली. तळावरची फी हा शब्द वहीत लिहून ठेवलाय.

न्याहारी_निवास · २४ जून, सकाळी ९:१०

होमस्टेवाल्यांचंही ऐका. पाहुणा माझ्या अंगणात गाडी लावतो, तरी पुलावर पैसे देऊन येतो. आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न तोच असतो. मी बिलातून ५० वजा करते.

पुळणकाठ · २४ जून, सकाळी ९:३२

न्याहारी, तुमचं पटतं. पण गावकऱ्यांच्या गाड्यांना सवलतीचे स्टिकर वाटायची वेळ आली तर लॉजवाले दहा-दहा स्टिकर घेऊन पाहुण्यांना देतील, मग तळ रिकामा आणि आळ्या परत भरलेल्या. घरटी दोनच असावेत, गाडीच्या नंबरासकट.

आगरातली · १७ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. परवा ग्रामसभा झाली.

ठरावाची जुनी नक्कल मिळाली होती. माजी ग्रामसेवकांचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला, त्यात शाळेमागची जागाच लिहिलेली आहे, पुलाचा उल्लेख नाही. ते वाक्य मी उभी राहून वाचलं. हात थरथरत होते. ठेकेदार समोरच बसलेले. ते म्हणाले, मी एवढी बोली लावली ती पुलाच्या हिशोबानं, आता मागे न्या म्हणता तर माझे पैसे परत द्या. त्यांचंही खोटं नाही, कर्ज काढून भरलेत. दोन तास आवाज चढत राहिले. मग पुळणकाठ यांचे वडील बोलले. दम लागतो म्हणून बसूनच बोलले. म्हणाले, मला खुर्चीवरून नेलं तेव्हा गाव एक होतं, आता दोरीवरून का भांडता? सगळे गप्प झाले.

ठरलं ते असं. १ एप्रिलच्या नव्या ठेक्यापासून पावती फक्त शाळेमागच्या तळाच्या तोंडाशी. पेठेत अर्धा तास थांबायला पैसे नाहीत, त्यापुढे गाडी तळावर न्यायची. आळ्यांमध्ये कुणाचीच गाडी नाही, चाकरमान्यांचीसुद्धा. घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येक घराला दोन स्टिकर, गाडीचा नंबर घालून, आणि हे मात्र गणपतीच्या आधीच. तळावर स्वच्छतागृह बांधायचं, ठेक्याच्या पहिल्या पैशातून. बचत गटाला ठेका द्यायचा विषय पुढच्या सभेवर गेला.

३१ मार्चपर्यंत दोरी पुलावरच राहणार, हे मला सलतंय. आणि दुसरं असं की वरची वाडी आमच्या ग्रामपंचायतीत नाही, शेजारच्या ग्रामपंचायतीत येते. त्यांची घरपट्टी तिकडे, म्हणजे त्यांना स्टिकर नाही. ते मी सभेत विचारलं तेव्हा उत्तर आलं, बाहेरच्यांना कुठवर सूट देणार? चार किलोमीटरवरची माणसं, आमच्या देवळाच्या पालखीला खांदा देणारी, ती बाहेरची.

आम्ही पेठेतल्या सात दुकानदारांनी मिळून एक ठरवलं. वाड्यांवरच्या गिऱ्हाइकानं पुलावरची पावती दाखवली की बिलातून २० रुपये वजा. कासार, औषधवाले, बेकरी, सगळे तयार झाले. एप्रिलपर्यंत आमच्या खिशातून जातील, जाऊ देत. मुलानं काल वर जाऊन वाड्यांवर सांगितलं.

बांगडा_सुरमई · १७ ऑगस्ट, रात्री १०:४१

आईला सांगते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटतील, तीही वाट्यामागे कमी करेल. वीस नाही जमणार, दहा.

चाकरमानी_०१ · १८ ऑगस्ट, सकाळी ६:३०

स्टिकरसाठी गाडीचा नंबर आणि घरपट्टीची पावती कुठे पाठवायची? गणपती तोंडावर आलेत.

आगरातली · १८ ऑगस्ट, सकाळी ८:१५

ग्रामपंचायतीत प्रत्यक्ष द्यायची आहे, दादा. गावात कुणी असेल तर त्यांच्याकडे पाठवा, नसेल तर मला निरोप करा, मी नेऊन देते.

आजी आज सकाळी आल्या. पुतण्या नव्हता, साडेसातच्या एस्टीनं आल्या, त्यामुळे पावतीचा प्रश्नच आला नाही. अर्धा किलो चहापूड घेतली. येताना उतार होता, जाताना चढ आहे, म्हणून बसच्या वेळेपर्यंत दुकानातच बसवून ठेवलंय.

माजी_ग्रामसेवक · १८ ऑगस्ट, सकाळी ८:४०

नव्या ठरावाची नक्कल लगेच मागून ठेवा. एप्रिल लांब आहे. शेजारच्या ग्रामपंचायतीच्या सरपंचांकडूनही वाडीच्या लोकांसाठी एक पत्र घ्या, दोन ग्रामपंचायतींचा पत्रव्यवहार कागदावर आला की नाही म्हणणं अवघड जातं.

आगरातली · १८ ऑगस्ट, सकाळी ८:५२

नक्कलेचा अर्ज कालच दिलाय. पत्राचं आजींनाच सांगते, तिकडच्या सरपंच त्यांच्या भाचीच आहेत.